‘काहीच मानत नाही’ म्हणणारे निहिलिस्ट दिवसभर नेमकं करायचे काय?

कोरा_कागद

हल्ली कुणी दोन दिवस अंघोळ केली नाही आणि परीक्षेचा फॉर्म भरायचा राहिला की तो स्वतःला निहिलिस्ट म्हणवून घेतो. रशियात १८६० च्या दशकात हे नाव ज्यांना चिकटलं ती मंडळी मात्र भलतीच उद्योगी होती. बेडूक फाडायची, जर्मन पुस्तकांचे अनुवाद करायची, शिवणाचे कारखाने काढायची, आणि घरच्यांशी भांडून शिकायला झुरिचची गाडी पकडायची.

माझं म्हणणं असं की निहिलिझम समाजात वावरला तो राहणीच्या रूपाने. तत्त्वज्ञान म्हणून त्याचा पसारा अगदी लहान. आणि तो मोडला तोही कुणी युक्तिवादात हरवलं म्हणून नव्हे. भाडं, हिशेब आणि पोलीस या तिघांनी मोडला. जाणकारांनी यावर लिहावं. तपशील हवेत. ‘जीवन म्हणजे काय’ छापाच्या जिलब्या कृपया दुसऱ्या धाग्यावर पाडा.

रिकामटेकडा

कशावरच विश्वास नसल्याने प्रतिसाद देत नाही. (हा प्रतिसाद धरू नये.)

तिसरी_घंटा

विषय झकास. बाझारोवपासून सुरुवात करू, कारण हे नाव घरोघरी पोचवलं ते त्याने. तो ज्या कादंबरीचा नायक, ती तुर्गेनेवची ‘पिता आणि पुत्र’ १८६२ मध्ये कात्कोवच्या ‘रुस्की वेस्तनिक’ मासिकात आली. बाझारोव कोणतीच सत्ता मानत नाही असं त्याचा मित्र अर्कादी सांगतो, पण पुस्तकभर दिसतं ते तो काय मानतो हेच: बेडूक, रसायनशास्त्र आणि जर्मन जडवादी लेखक ब्यूखनेर. अर्कादीचे वडील पुश्किन वाचत बसलेले असतात. बाझारोवच्या सांगण्यावरून अर्कादी त्यांच्या हातातलं पुस्तक अलगद काढून घेतो आणि त्या जागी ब्यूखनेर ठेवतो. वडील बिचारे वाचायचा प्रयत्नही करतात.

त्याचा शेव‍टही बघा. टायफसने मेलेल्या शेतकऱ्याचं शवविच्छेदन करताना त्याचं बोट कापतं. तिथल्या डॉक्टरकडे जखम डागायला काही नसतं. घरी येऊन तो वडिलांकडे सिल्व्हर नायट्रेट मागतो, पण तोवर चार तासांहून जास्त वेळ गेलेला असतो. आता डागून उपयोग नाही हे त्याला स्वतःला ठाऊक असतं. विज्ञानावर श्रद्धा असलेला माणूस एका कांडीच्या अभावी मरतो. मला तर हा तुर्गेनेवने सरकारी आरोग्यखात्याला काढलेला चिमटा वाटतो.

आता गंमत अशी की हे नाव घ्यायला सगळे तयार नव्हते. चेर्निशेव्हस्कीच्या ‘सोव्रेमेन्निक’ मासिकाच्या गटाला बाझारोव म्हणजे आपली टिंगल वाटली. समीक्षक पिसारेवने मात्र तो उचलून धरला, आणि १८६४ मध्ये स्वतःच्या मंडळींना ‘वास्तववादी’ असं दुसरंच नाव दिलं. त्याचं गाजलेलं सूत्र १८६१ चं, म्हणजे कादंबरीच्याही आधीचं. सारांश असा: जे फोडता येतं ते फोडावं, घाव सोसून जे टिकेल ते ठेवण्यालायक, ज्याचा चुरा होईल तो कचरा. ‘पुश्किनपेक्षा बूट श्रेष्ठ’ हे वाक्यही त्याच्याच नावावर खपवतात, पण ती विरोधकांनी केलेली नक्कल आहे.

आणि मे १८६२ मध्ये पीटर्सबर्गमध्ये आगी लागल्या, आप्राक्सिन बाजार जळाला. तुर्गेनेव त्याच सुमारास शहरात आला. भेटलेल्या पहिल्याच ओळखीच्या माणसाने त्याला सुनावलं, ‘बघा, तुमचे निहिलिस्ट काय करताहेत ते!’ कादंबरी येऊन जेमतेम दोन-तीन महिने झाले होते.

उंबरठा

तिसरी घंटा, सगळं ‘तो’ आणि ‘त्याचा’ झालं. राहणीबद्दल बोलायचं तर बायकांकडे बघावं लागेल. टवाळखोरांचं मुख्य गिऱ्हाईक त्याच होत्या: कापलेले केस, गडद रंगाचा साधा लोकरी झगा, निळा चष्मा, हातात सिगारेट. यात नुसती फॅशन नव्हती. क्रिनोलीनचा, म्हणजे कड्या घालून फुगवलेल्या झग्याचा, पिंजरा नेसून प्रयोगशाळेत उभं राहून दाखवा.

खरी कल्पक गोष्ट म्हणजे लुटुपुटूचं लग्न. त्याची यंत्रणा अशी: अविवाहित मुलीचं नाव वडिलांच्या पासपोर्टवर. त्यांच्या संमतीशिवाय तिला ना वेगळं राहता येई ना परदेशी जाता येई. लग्न झालं की हाच अधिकार नवऱ्याकडे. मग आपल्याच विचारांचा एखादा तरुण शोधायचा, चर्चमध्ये रीतसर लग्न लावायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्याने बायकोला स्वतंत्र राहण्याची लेखी परवानगी द्यायची. सोफिया कोवालेव्स्काया १८६८ मध्ये व्लादिमिर कोवालेव्स्कीशी अशीच लग्न करून १८६९ मध्ये हायडेलबर्गला गेली आणि १८७४ मध्ये ग्योटिंगेनची गणितातली डॉक्टरेट मिळवली.

घोळ कुठे व्हायचा? बाहेर पडायच्या दाराशी. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये घटस्फोट जवळजवळ अशक्य. व्यभिचार साक्षीदारांनिशी सिद्ध करायचा. पुढे त्या मुलीचं खरोखर कुणावर मन बसलं तर अडकलीच. मारिया ओब्रुचेवाने १८६१ मध्ये बोकोवशी असं लग्न केलं, पुढे ती शरीरशास्त्रज्ञ सेचेनोवबरोबर राहू लागली. तिघांची मैत्री टिकली, पण सेचेनोवशी कायदेशीर लग्न व्हायला १८८८ उजाडलं.

गणकयंत्र

उंबरठाताई, उत्तम. मी हिशेबाच्या बाजूने भर घालतो.

सगळ्यांची मार्गदर्शिका होती चेर्निशेव्हस्कीची १८६३ ची कादंबरी, ‘काय करावे?’. तुरुंगात बसून लिहिलेली. तिचं हस्तलिखित संपादक नेक्रासोवने रस्त्यात पाडलं! शहर पोलिसांच्या गॅझेटात जाहिरात देऊन ५० रुबल बक्षीस लावलं तेव्हा ते परत आलं. सरकारविरोधी पुस्तक सरकारी पोलिसांच्या पत्रकामुळे वाचलं. सेन्सॉरनेही चौकशी आयोगाने पाहिलंय म्हणजे ठीक असणार, असं समजून पुढे ढकललं.

त्या कादंबरीत नायिका शिवणकामाचा सहकारी कारखाना काढते, नफा सगळ्या शिलाईवाल्यांत वाटते, सगळ्या एकत्र राहतात. वाचून पोरापोरींनी खरेच कारखाने काढले, आणि बहुतेक लवकरच बसले. कारणं तत्त्वज्ञानात शोधू नका. कापड बेतणारा कसबी माणूस नाही. चालू भांडवल कुणा एका उत्साही बाईच्या खिशातलं. ते संपलं की कच्चा मालही संपला. गिऱ्हाईक ओळखीपाळखीतलं, म्हणजे उधारीचं. आणि ज्या शिलाईवाल्यांसाठी हे सगळं चाललेलं, त्यांना वर्षाअखेरच्या नफ्यातल्या वाट्यापेक्षा शनिवारी रोख मजुरी हवी असायची. त्यात चूक काय?

कम्यूनचं, म्हणजे सगळ्यांनी मिळून राहायच्या सामाईक घराचं, तेच. लेखक स्लेप्त्सोवने पीटर्सबर्गच्या झ्नामेन्स्काया रस्त्यावर १८६३ च्या शरदात घर घेतलं, १८६४ च्या मध्याला कारभार आटोपला. खर्च सामाईक, पण मिळकत कुणाची किती आणि खोली कुणाची केवढी यावर एकमत होईना. घरकामाला नोकर ठेवावेत की समतेला धरून आपणच भांडी घासावीत, यावर खल. बाहेर पाहुण्यांची रीघ, गावभर चहाड्या, आणि दाराशी पोलिसांचा माणूस.

रिकामटेकडा

म्हणजे ईश्वर नाही यावर एकमत, पण भांडी कुणी घासायची यावर नाही. पुण्यात तीन जणांच्या फ्लॅटवर हे संशोधन रोज चालतं.

बोरूबहाद्दर

सगळे गोडगोड लिहिताहेत. शिवणयंत्रं आणि निळे चष्मे ठीक, पण नेचायेव कुठे गेला? १८६९ चा ‘क्रांतिकारकाचा प्रश्नोत्तरग्रंथ’ वाचा: क्रांतिकारकाला स्वतःचं हित नाही, भावना नाहीत, नाव नाही, कामाला उपयोगी ते सगळं नैतिक. मूल्यं मोडीत काढलीत की त्या रिकाम्या जागेत हेच येऊन बसतं. २१ नोव्हेंबर १८६९ ला मॉस्कोच्या कृषी अकादमीच्या बागेत याच नेचायेवने साथीदारांच्या मदतीने इवानोव या विद्यार्थ्याला मारलं. त्याचा गुन्हा एवढाच, की तो नेचायेवचं ऐकेना. तिथून १ मार्च १८८१ ला झारवर फेकलेल्या बाँबपर्यंत सरळ रेघ जाते. कोरा कागद म्हणतात भाड्याने मोडला. मी म्हणतो, आतूनच सडला होता.

तिसरी_घंटा

बोरूबहाद्दर, रेघ सरळ नाही, मध्ये तीन वळणं आहेत.

पहिलं. तो प्रश्नोत्तरग्रंथ लोकांपर्यंत पोचवला सरकारनेच. १८७१ च्या खटल्यात तो वाचला गेला आणि सरकारी गॅझेटात छापला, की जनतेला किळस यावी. किळस आली, खुद्द क्रांतिकारकांनाही आली. त्यानंतरच्या गटांनी काही वर्षं नेचायेवगिरी हा शब्द शिवीसारखा वापरला.

दुसरं. नेचायेवकडे मूल्यं नव्हती असं कसं म्हणता? एकच मूल्य होतं आणि ते एवढं फुगलेलं की बाकी सगळी त्याखाली चिरडली. हा माणूस कशावरच विश्वास नसलेला नव्हे, एकाच गोष्टीवर अती विश्वास असलेला.

तिसरं. झारला मारणाऱ्या ‘नरोदनाया वोल्या’ने स्वतःला कधी निहिलिस्ट म्हटलं नाही, युरोपातली वर्तमानपत्रं म्हणायची. त्यांनी १० मार्च १८८१ ला नव्या झारला पत्र लिहिलं. मागण्या दोन: राजकीय कैद्यांना माफी आणि मोकळ्या निवडणुकीतून आलेली प्रतिनिधिसभा. हे दिल्यास आम्ही थांबू. त्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांचा खून झाला तेव्हा याच संघटनेने निषेध केला. जिथे मतपेटीचा मार्ग खुला आहे तिथे राजकीय खून म्हणजे जुलूमच, असा त्यांचा मुद्दा होता. काहीच न मानणारे लोक असली पत्रकं काढत नाहीत.

बोरूबहाद्दर

पत्रक काढलं म्हणून झारवरच्या त्या बाँबने रस्त्यावर मेलेला पोऱ्या जिवंत होत नाही. पण नेचायेवबद्दलचा दुसरा मुद्दा मान्य. त्यावर विचार करतो.

जुनं_नाशिक

इथे आपल्याकडचा एक धागा जोडतो, कारण तो रौलट समितीच्या १९१८ च्या अहवालात नोंदलेला आहे. १९०९ मध्ये गणेश दामोदर सावरकरांच्या नाशिकच्या घराची झडती झाली. त्यात युरोपातल्या गुप्त संघटनांवरचं फ्रॉस्टचं इंग्रजी पुस्तक सापडलं, भरपूर खुणा केलेलं. अहवाल मुद्दाम सांगतो की त्यात रशियन निहिलिस्टांच्या रचनेचं वर्णन आहे: लहान लहान मंडळं, ती वरच्या विभागांना जोडलेली, आणि प्रत्येक सभासदाला फक्त आपल्या मंडळातली माणसं माहीत. एक पकडला गेला तर फार तर एक मंडळ जाईल, हा त्यामागचा हिशेब.

त्याच घरात बाँबच्या माहितीपुस्तकाची प्रतही मिळाली. कलकत्त्याच्या माणिकतळा बागेत, बंगाली क्रांतिकारकांच्या अड्ड्यावर, सापडलं होतं तेच हे पुस्तक. मूळ रशियन. ते पॅरिसमधल्या रशियन निर्वासितांकडून मिळवणाऱ्यांत पारनेरचे पांडुरंग महादेव, म्हणजे आपले सेनापती बापट, होते.

आता मूळ प्रश्नाला धरून: या मंडळींनी रशियाकडून घेतली ती संघटनेची पद्धत. विचार घेतला नाही. सावरकर बंधू राष्ट्राला देव मानणारे, सेनापती पुढे १९२१ मध्ये मुळशीच्या शेतकऱ्यांसाठी सत्याग्रहात उतरले. काही न मानण्याशी यांचा सुतराम संबंध नाही. तेव्हा कोरा कागद, निहिलिझमचा जो भाग परदेशी प्रवास करू शकला तो होता संघटनेचा आराखडा.

काठावरचा

वाचनखूण साठवली आहे. पण तुम्ही सगळे १८६२ च्या मागे जायलाच तयार नाही. दीघनिकाय या पाली बौद्ध ग्रंथातलं सामञ्ञफलसुत्त काढा. त्यात अजित केसकंबली म्हणतो: दान नाही, यज्ञ नाही, सुकृत-दुष्कृताचं फळ नाही. माणूस चार भूतांचा. मेला की पृथ्वी पृथ्वीत जाते, पाणी पाण्यात. चार माणसं आणि पाचवी तिरडी. स्मशानापर्यंत त्याचे गुण गातात, मग हाडं पारव्याच्या रंगाची होतात आणि आहुत्यांची राख. दान हा मूर्खांचा उपदेश. पुराण कस्सप तर पुढे जातो: गंगेच्या दक्षिण तीराने मारत-कापत गेलात तरी पाप नाही, उत्तर तीराने दान देत गेलात तरी पुण्य नाही.

आता हे कुणाला सांगितलंय बघा. अजातशत्रूला! बापाला, बिंबिसाराला, मारून गादीवर बसलेला राजा. पाप नावाची चीजच नाही हे ऐकून खरं तर त्याला हायसं वाटायला हवं. होतं उलटंच. तो बुद्धाला सांगतो, मी आंब्याबद्दल विचारलं आणि यांनी लकुचाबद्दल (फणसाच्या जातीच्या फळाबद्दल) सांगितलं. त्याचा प्रश्न व्यवहाराचा होता: संन्यास घेऊन या जन्मी दिसेल असं फळ काय? आणि सुत्ताच्या शेवटी पितृवधाची कबुली त्याच्या तोंडून निघते ती बुद्धासमोर.

एक सावधगिरी. अजित आणि कस्सप आपल्याला कळतात ते विरोधकांच्या ग्रंथातून. तरी राजाने ज्यांना प्रश्न विचारला त्या सहाही आचार्यांना (हे दोघे त्यांतलेच) शिष्यगण होते, राजाच्या दरबारात नाव होतं. त्यांना समाजात जागा होती एवढं नक्की.

मधली_सुट्टी

मग बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनही आणा की. शून्यता म्हणजे निहिलिझमच ना?

काठावरचा

नाही हो. हा आरोप त्याच्या हयातीतच झाला असावा, कारण आपल्या मूलमध्यमककारिका या ग्रंथाच्या २४ व्या प्रकरणात तो प्रतिपक्षाच्या तोंडीच घालतो: सगळं शून्य असेल तर चार आर्यसत्यं बुडाली, संघ बुडाला. उत्तर असं की वस्तूंना स्वतःचा अचल स्वभाव असता तर काहीच बदललं नसतं, दुःखही संपलं नसतं. परस्परांवर अवलंबून असणं हीच शून्यता. ज्याला शून्यता जमते त्याला सगळंच जमतं. आणि तिथेच इशारा: चुकीची धरलेली शून्यता मंदबुद्धीचा नाश करते, चुकीचा धरलेला साप करतो तसा. १३ व्या प्रकरणात तर शून्यतेचंच मत करून बसणाऱ्यांना तो असाध्य म्हणतो.

खडीसाखर

वैद्यकातल्या निहिलिझमबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून मी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला व्हिएन्नात रोकितान्स्की आणि श्कोडा यांच्या काळात निदान फार पुढे गेलं: छातीवर टिचक्या मारून ऐकायचं, मेल्यावर उघडून पडताळायचं. उपचार मात्र जुनेच: रक्त काढणं आणि ओकारीची औषधं. तेव्हा काही डॉक्टरांनी पवित्रा घेतला की यातलं काही चालतं असा पुरावा नाही, त्यामुळे काही करू नका. याला उपचाराबाबतचा निहिलिझम म्हणतात.

योझेफ दीत्लने १८४९ मध्ये न्यूमोनियाचे ३८० रुग्ण मोजून दाखवले. रक्त काढलेले ८५, त्यात मृत्यू २०.४ टक्के. अँटिमनीचं औषध दिलेले १०६, मृत्यू २०.७ टक्के. नुसता आहार आणि विश्रांती दिलेले १८९, मृत्यू ७.४ टक्के. गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, तेव्हा आकडे आजच्या कसोटीवर टिकणार नाहीत. पण जुन्या उपचारांवरचा विश्वास हलायला ते पुरेसे होते.

याची दुसरी बाजू: काही करता येत नाही हीच सवय झाली की जे करता येतं तेही राहून जातं. नवा उपाय आला तरी ‘बघू, मोजू’ म्हणत रुग्ण हातचा जातो.

रिकामटेकडा

ओकारीचं औषध न देणारा निहिलिस्ट डॉक्टर चालेल. फी न घेणारा असेल तर आस्तिक होईन.

मधली_सुट्टी

सध्याच्या काळाबद्दल लिहितो. २०१७ मध्ये एका लोकप्रिय यूट्यूब वाहिनीने ‘आशावादी निहिलिझम’वर व्हिडिओ केला तेव्हापासून पोरांच्या तोंडी हेच: विश्व अफाट, आपण किरकोळ, दहा लाख वर्षांनी कुणाला काय. यावर तत्त्वज्ञ थॉमस नेगेलने १९७१ मध्येच बोट ठेवलंय. आज आपण करतो त्याला दहा लाख वर्षांनी किंमत नसेल, तर त्याच न्यायाने दहा लाख वर्षांनंतरच्या त्या गोष्टीला आज किंमत नाही. मग तिच्या नावाने आज कशाला रडायचं? आकाराचंही तसंच. आयुष्य निरर्थक असेल तर ते विश्वाएवढं मोठं केल्याने अर्थपूर्ण थोडंच होणार?

नीतीच्या बाजूने तत्त्वज्ञ मॅकीचं १९७७ चं पुस्तक घ्या. पहिलंच वाक्य: वस्तुनिष्ठ मूल्यं नाहीत. आणि मग? उरलेल्या पुस्तकात हा गृहस्थ माणसांनी एकमेकांशी कसं वागावं याची मांडणी करत बसतो. म्हणजे इथेही काम सुरूच.

नीत्शेने १८८७ च्या टिपणांत दोन प्रकार केलेत: थकलेला निष्क्रिय आणि मोडतोड करणारा सक्रिय. पिसारेव दुसऱ्यातला, आजचे मीमवाले पहिल्यातले. ‘ईश्वर मेला’ला टाळ्या वाजवणाऱ्यांनी १८८२ मधला तो परिच्छेद पुन्हा वाचावा. त्यात ते ओरडणारा वेडा घाबरलेला आहे, आणि बाजारातले हसणारे लोक आधीच नास्तिक आहेत.

खडीसाखर

मीमवाल्यांबद्दल एक गंभीर सूचना. दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळपास रोज कशातच रस वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर नेगेल वाचायला देऊ नका. डॉक्टरकडे न्या. जिवाचं बरंवाईट करायचे विचार बोलून दाखवले तर त्याच दिवशी. युक्तिवादाने निहिलिस्ट झालेल्याला जेवण चविष्टच लागतं. उदास माणसाला लागत नाही.

टोकाची अवस्थाही आहे. पॅरिसच्या झ्यूल कोतारने १८८० मध्ये एका बाईचं वर्णन केलं: मला मेंदू नाही, पोट नाही, देव नाही, सैतान नाही, मी अमर आहे म्हणून जेवायची गरज नाही. ती उपासमारीने गेली. आज अशा रुग्णांना विजेच्या उपचाराने अनेकदा उतार पडतो.

कोरा_कागद

सगळ्यांना दंडवत. जुनं नाशिक यांच्या आराखड्याच्या मुद्द्याने माझी मांडणी थोडी बदलावी लागेल. गणकयंत्र यांच्यामुळे भाड्याचा मुद्दा पक्का. पोलिसांबद्दल मात्र अजून कुणी नीट लिहिलं नाही. नुसत्या दडपणाने मोडला का?

उंबरठा

झुरिचचंच उदाहरण घ्या. १८६७ मध्ये नादेझ्दा सुस्लोवा तिथे डॉक्टर झाली आणि रशियन मुलींची रांग लागली. १८७३ मध्ये सरकारने फर्मान काढलं: १ जानेवारी १८७४ पर्यंत झुरिच सोडा, नाहीतर रशियात परीक्षा नाही, नोकरी नाही. वर बदफैलीचे आरोप, तेही छापून. परिणाम? काही बर्न-पॅरिसला गेल्या, काही परतून १८७४ च्या उन्हाळ्यात खेड्यात प्रचाराला गेल्या. म्हणजे शिकणाऱ्या पोरींना सरकारनेच चळवळीत ढकललं.

पण तुमचं ‘मोडला’ हे अर्धंच खरं. मुली बाहेर जातात म्हटल्यावर १८७२ मध्येच पीटर्सबर्गला लष्करी वैद्यकीय अकादमीत बायकांसाठी वैद्यकीय अभ्यासक्रम सुरू करावा लागला होता. त्यातल्या विद्यार्थिनी १८७७ च्या तुर्कस्तानाशी झालेल्या युद्धात आघाडीवर काम करून आल्या. १८८२ ला नवे प्रवेश बंद झाले हेही खरं.

गणकयंत्र

पैसे कुणी दिले? सरकारने नक्कीच नाही.

उंबरठा

लिदिया रोदस्त्वेन्नाया या बाईंनी, ५०,००० रुबल. ते ठेवल्यावरच परवानगी मिळाली.